ईयोबाचा चौथा मित्र

आमच्या गल्लीतल्या काकूचा मुलगा गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाच्या कडेला चर्च, चर्चला लागून ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो, मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी होतो, आणि माझ्या मोबाइलमध्ये धर्मशास्त्राच्या तीस-चाळीस पीडीएफ होत्या. ‘देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, मग जगात इतकं वाईट का घडतं?’ या प्रश्नावर मी कुणाशीही तासभर वाद घालू शकायचो. हॉस्टेलवर घालायचोही. बहुतेक वेळा जिंकायचो.

जुलै महिना होता. पोरगं नऊ वर्षांचं, जमिनीवर अंथरुणात झोपलेलं. रात्री तीनच्या सुमारास उठलं आणि पोटात दुखतंय म्हणालं. काकूनं ओवा दिला, पोट शेकलं. अंगावर ना सूज, ना रक्त. मण्यार चावते ती अशीच. दात इतके बारीक, की झोपेतल्या माणसाला बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे त्याच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं सर्पदंशावरची लस पुरेशी नव्हती आणि श्वासाचं मशीनही नव्हतं. नगरला न्या म्हणाले. नगर यायच्या आधीच सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याहून आलो आणि काकूकडे गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. बायका होत्या, माझी आई होती. कुणीच फारसं बोलत नव्हतं. ती शांतता मला सहन झाली नाही. मी म्हणालो, “काकू, आपल्याला आत्ता कळत नाही, पण देवाची काहीतरी योजना असते.”

काकूनं मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “मंग तुझ्या आईला इचार, तिचं पोर देती का त्या योजनेला.”

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं खाली बघितलं.

त्या दिवसापासून मी या प्रश्नावर कुणाशी वाद घातला नाही. वाचत मात्र राहिलो, आधीपेक्षा जास्तच. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे आणि काकूच्या वाक्याबद्दलही. दोन्हींचा हिशोब अजून जुळलेला नाही.

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर थोडक्यात सांगतो. ईयोब सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सांत्वनाला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. मला विचाराल तर त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. मग ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, तो उगाच कुणाला शिक्षा करत नाही, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब ऐकत नाही. माझं काही चुकलेलं नाही, देवानं समोर येऊन उत्तर द्यावं, असा हट्ट धरतो. देवाबद्दल इतकं तिखट बोलतो, की आमच्या चर्चमध्ये कुणी तसं बोललं तर पाळक मध्येच गाणं सुरू करतील.

तिघांचं बोलणं संपल्यावर अलीहू नावाचा एक तरुण पुढे येतो. तुम्हा मोठ्यांना नीट उत्तर देता आलं नाही, आता मी सांगतो, असा त्याचा आविर्भाव. सहा अध्याय तो एकटाच बोलतो. मी त्या पुस्तकात स्वतःला शोधायला गेलो तेव्हा ईयोब सापडला नाही, अलीहू सापडला.

शेवटी देव वादळातून बोलतो, पण ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. समुद्र, तारे, रानगाढव, मगरीसारखा एक राक्षसी प्राणी असलं काहीबाही दाखवत राहतो. आणि मग मित्रांवर संतापतो. तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं सांगतो. गंमत बघा. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ही गोष्ट ‘ईयोबाचा धीर’ म्हणून ऐकली होती. ते पुस्तक सलग वाचलं तेव्हा धीर पहिल्या दोन अध्यायांतच संपलेला दिसला.

आता माझ्या पीडीएफकडे येतो. त्यांना मी आज हसत नाही. त्या माणसांनी मन लावून विचार केलाय.

पहिलं आणि सर्वांत वापरलेलं उत्तर स्वातंत्र्याचं. प्रेम करू शकणारी माणसं हवी असतील, तर ती द्वेषही करू शकणार. देवानं कळसूत्री बाहुल्या केल्या नाहीत, म्हणून जगात खून आहेत, लबाडी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लांटिंगा यांनी १९७४ मध्ये हा युक्तिवाद फार काटेकोरपणे मांडला. त्याआधी १९५५ मध्ये जे. एल. मॅकी यांनी असा दावा केला होता, की देव सर्वसमर्थ आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि तरी वाईट अस्तित्वात आहे, ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत. प्लांटिंगांनी दाखवलं, की असू शकतात. निव्वळ तर्काच्या पातळीवर मला हे पटतं.

पण काकूच्या घरी या युक्तिवादाचं काय होतं? तो अर्ध्या रस्त्यापर्यंत येतो. दवाखान्यात लस नव्हती, याला माणसं जबाबदार. कुणीतरी मागणी वेळेवर नोंदवली नाही, कुणीतरी मशीन मंजूर केलं नाही, गावाकडच्या पोराचा जीव कुठल्याशा फायलीत स्वस्त ठरला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, की भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं मरतात. त्यात गरीब आणि खेड्यातलेच जास्त. इथपर्यंत ठीक. हे माणसांच्या स्वातंत्र्याचं पाप आहे, देवावर ढकलू नका, असं म्हणता येतं.

पण मण्यारीला कसलं स्वातंत्र्य? ती उंदराच्या मागे किंवा उबेला आली. पोरानं कूस बदलली असेल, ती दबली असेल, चावली. तिच्या विषात श्वास थांबवण्याचा गुण आहे, तो कुणाच्या पापातून आला? प्लांटिंगा इथं एक शक्यता सांगतात, की निसर्गातलं वाईट हे पतित देवदूतांच्या, म्हणजे सैतानाच्या मंडळींच्या, स्वातंत्र्याचा परिणाम असू शकेल. त्यांना फक्त तार्किक शक्यता दाखवायची होती, हे मला माहीत आहे. तरी ते वाचताना मला काकूचा चेहरा दिसला आणि मी फोन पालथा ठेवला.

निसर्गातल्या वाईटाचा प्रश्न युरोपात एका सकाळी सगळ्यांच्या अंगावर आला. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं १७१० मध्ये या विषयावर एक ग्रंथ लिहिला होता. देवाला जितकी जगं निर्माण करता आली असती, त्यांतलं हे सर्वोत्तम, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालमधलं लिस्बन भूकंपानं हादरलं. तो सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चेस माणसांनी भरलेली. छतं प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली, शहरात आगी लागल्या, वाचलेले पळत पाण्याकडे गेले तर समुद्र चालून आला. व्होल्टेअरनं त्यावर आधी कविता लिहिली आणि १७५९ मध्ये ‘कांदीद’ लिहून ‘सर्वोत्तम जगा’ची कायमची टर उडवली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला लिस्बन इतकं लांबचं वाटायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्या आई-वडिलांना विचारा. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती आणि किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली. देव कुठलाही असो, सणाची रात्र त्यांना वाचवू शकली नाही.

पण लिस्बनच्या वादातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं बोलणं व्होल्टेअरचं नाही, रूसोचं आहे. त्यानं १७५६ मध्ये व्होल्टेअरला पत्र लिहून विचारलं, की सहा-सात मजली घरं तिथं दाटीवाटीनं काय निसर्गानं बांधली होती? किल्लारीतही माणसं मेली ती जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली. जमीन हलली हे एक, आणि गरिबाचं घर कशाचं असतं हे दुसरं. काकूच्या पोराच्या मरणात साप किती आणि दवाखाना किती, याची वाटणी करायला बसलो, की दोन्ही हातात येतात. दवाखाना काढून टाकला तरी साप उरतोच. त्याचं उत्तर रूसोकडे नाही, माझ्याकडेही नाही.

दुसरं मोठं उत्तर असं, की दुःखातून काहीतरी चांगलं निपजतं. जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञानं १९६६ मध्ये ते विस्तारानं मांडलं. जग ही आरामाची जागा नाही, माणसाचा आत्मा घडवण्याची जागा आहे. धैर्य, करुणा, क्षमा हे गुण दुःखाशिवाय येत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘सोनं आगीतूनच शुद्ध होतं’ या संदेशाचं हे विद्वान भावंड. मला हे उत्तर अनेक वर्षं आवडायचं. ते कुठं अडलं, हे सांगायला मला माझ्याच घरात यावं लागेल.

आम्ही ख्रिस्ती का आहोत? घरात सांगतात, की आजोबांच्या आजोबांनी १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. माझे पूर्वज महारवाड्यातले. दख्खनमध्ये पाऊस नव्हता, धान्याचे भाव आभाळाला भिडलेले, आणि तेव्हाही देशातून धान्य बाहेर जातच होतं. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांचं धान्य सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंडावर आणलं. त्याच वर्षी हे गृहस्थ मुंबईचे गव्हर्नर झाले. लाखो माणसं मेली. आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे लोक होते. नगरात ते १८३१ पासून होते. त्यांच्याकडे अन्न मिळालं, शाळा मिळाली, आणि वेशीबाहेरच्या माणसाला घराच्या ओसरीवर बसवणारं कुणीतरी मिळालं. ‘भाकरीसाठी बाटले’ हा टोमणा मी शाळेत ऐकलाय. त्याचा मला राग येत नाही. भुकेल्यानं भाकरी देणाऱ्याचं ऐकलं, यात लाज कसली?

पण आता ते उत्तर लावून बघा. दुष्काळातून चांगलं निपजलं. माझ्या घराला विश्वास मिळाला, अक्षर मिळालं. मी हा लेख लिहितोय तो त्या साखळीच्या या टोकाला बसून. मग मी त्या दुष्काळासाठी देवाचे आभार मानू का? टेंपलसाहेबांचा एक पौंड हा माझ्या तारणाच्या योजनेचा भाग होता का? ज्यांची पोरं खडीच्या ढिगाशेजारी मेली, त्यांचा आत्मा कुणाचा घडवायचा राहिला होता? माझा? मला हा व्यवहार नको आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘कारामाझोव बंधू’ या कादंबरीतला इव्हान असंच काहीसं म्हणतो. एका निरपराध पोराच्या यातनेवर उभं राहणारं भविष्यातलं सौख्य त्याला नको असतं, त्याचं तिकीट तो परत करतो. दुष्काळाच्या बाबतीत मी इव्हानच्या बाजूचा आहे आणि तरी दर रविवारी चर्चमध्ये बसतो. हे विसंगत वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटतं.

सगळ्यात चोख बसणारं उत्तर तिसरंच आहे. आमच्या गावात ते चर्च येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं. तू भोगतोयस कारण तू केलंयस, या जन्मी नाही तर मागच्या. कर्मसिद्धांताचा विचारवंत इतका ढोबळ अर्थ लावत नाहीत, याची मला कल्पना आहे. मी तो गावात कसा वापरला गेला ते सांगतोय. महारवाड्यात जन्म का? मागच्या जन्मीचं पाप. कुठलाही प्रश्न शिल्लक राहत नाही, आणि नेमकं तेच भयंकर आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, की पाप यानं केलं की याच्या आई-बापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दलही तो तेच म्हणतो, की ते इतरांहून जास्त पापी नव्हते. माझ्या खापरपणजोबांनी हे पहिल्यांदा ऐकलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. तुझ्या जन्माची तुला शिक्षा झालेली नाही. एवढं एकच वाक्य हातात घेऊन माणूस धर्म बदलू शकतो.

प्रामाणिकपणे सांगायचं, तर त्या जन्मांधाच्या गोष्टीत येशू पुढे असंही म्हणतो, की देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं. तिथं मी अडखळतो. कुणाच्या तरी कामासाठी एका माणसानं आंधळं जन्मायचं? काही अभ्यासक ते वाक्य वेगळ्या जागी तोडून वाचतात आणि अर्थ सौम्य करतात. मला ते सोयीचं आहे म्हणूनच मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही.

आणि आम्हीही शुद्ध राहिलो असं नाही. काकूकडे चौथ्या दिवशी कुणी पाहुणे आले आणि घरात प्रार्थना कमी पडली असेल म्हणाले. म्हणजे मागच्या जन्माचं पाप आम्ही वेशीवर सोडून आलो आणि या जन्मातली कमी प्रार्थना दारातून आत घेतली. हल्ली तर विश्वास पक्का असेल तर कॅन्सर बरा होतो, असं सांगणारी रील्स रोज येतात. ज्याचा होत नाही, त्यानं काय समजायचं?

याच काळात मी सी. एस. लुइस यांची दोन पुस्तकं लागोपाठ वाचली. ‘नार्निया’वाले लुइस. १९४० मध्ये त्यांनी दुःखाच्या प्रश्नावर एक नेटकं पुस्तक लिहिलं. मुद्देसूद, हुशार. माझ्या हॉस्टेलच्या वादांतला निम्मा दारूगोळा तिथलाच. मग १९६० मध्ये त्यांची बायको जॉय कॅन्सरनं गेली. पुढच्या वर्षी एक छोटं पुस्तक आलं, लेखकाचं नाव एन. डब्ल्यू. क्लार्क. ते लुइसच होते. त्यात मुद्दे नाहीत, एका माणसाच्या वह्या आहेत. देव आपल्या तोंडावर दार लावून आतून कडी घालतो, असं त्यात येतं. त्यांनी विश्वास सोडला नाही, पण पहिल्या पुस्तकाचा आवाज परत आला नाही. पहिलं पुस्तक चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते स्वतःच्या नावानं छापता आलं आणि दुसऱ्याला टोपणनाव लागलं, हे मला बोलकं वाटतं.

मराठीत असं कोण आहे, हे शोधताना पंडिता रमाबाईंपाशी थांबलो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण अन्नाविना गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, तेव्हा पदरात लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. भाषांतराचं काम शेवटापर्यंत चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

ईयोबाच्या शिव्याशाप आणि मित्रांची गुळगुळीत भाषणं या बाईंनी शब्दाशब्दानं मराठीत आणली असणार, आणि त्या वेळी घरातली किती माणसं डोळ्यांसमोर असतील, असं माझ्या मनात येतं. आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. रमाबाई स्वतः आपल्या आयुष्याकडे वळून बघताना त्यात देवाचा हात बघत. देवानं मला वाट दाखवत आणलं, अशी त्यांची साक्ष आहे. मग तीही ‘योजना’च नाही का?

यावर मी बराच काळ घालवला. मला एवढंच समजलं, की रमाबाईंनी हे स्वतःच्या आयुष्याबद्दल म्हटलं. ज्याचं दुःख आहे, त्यानं मागे वळून त्यात अर्थ पाहिला तर तो त्याचा अधिकार आहे. तोच अर्थ मी काकूच्या दारात नेऊन ठेवला, तेव्हा ते दुसरंच काहीतरी झालं. वाक्य तेच, फक्त बोलणाऱ्याची जागा बदलली. आणि रमाबाई दुष्काळातल्या मुलींना योजना समजावत बसल्या नाहीत, त्यांना गाडीत बसवून घेऊन आल्या.

हॉस्टेलवरचा माझा एक मित्र नास्तिक आहे. हे सगळं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे तुझ्याकडे उत्तर नाही. मग देव कशाला ठेवलायस?” प्रश्न रास्त आहे. मी म्हणालो, देव नसेल तर साप हा नुसता साप आणि मरण ही नुसती घटना. हे असं व्हायला नको होतं, असं मी कुणाला म्हणू? तो म्हणाला, मला म्हण. दुःख व्हायला किंवा काही चुकीचं आहे असं वाटायला देव लागत नाही. त्याचं खरं आहे. काकूकडे रात्रभर बसलेल्या शेजाऱ्यांत देव न मानणारे होते आणि ते माझ्यापेक्षा शहाणे वागले. म्हणून याला मी युक्तिवाद म्हणत नाही. मी कशाला धरून आहे, एवढंच सांगतो.

लाजर मरतो तेव्हा येशू त्याच्या कबरीपाशी रडतो. थोड्याच वेळात तो त्याला उठवणार आहे, हे त्याला माहीत असताना रडतो. मरण हा योजनेचा सुरळीत भाग असता, तर योजना माहीत असलेला माणूस रडला नसता. शुभवर्तमानांत तो आजाऱ्यांना भेटतो तेव्हा हा आजार सोसून घे, असं सांगत बसत नाही. बरं करतो. रोगाशी तो शत्रूशी वागावं तसा वागतो. आणि शेवटी खोटा खटला, राजकारण आणि जमाव यांच्यात सापडून तो स्वतः मारला जातो, आणि देवानं आपल्याला का सोडलं, असं ओरडून विचारतो. त्या प्रश्नाला त्या दुपारी कुठूनही उत्तर येत नाही.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये याच आरोळीभोवती एक ग्रंथ उभा केला. १९४३ मध्ये हॅम्बर्गवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हे वाचले. पुढे युद्धकैदी म्हणून छावणीत असताना हातात बायबल आलं आणि येशूची ती आरोळी वाचताना, आपल्याला समजून घेणारा हा एक आहे, असं त्यांना वाटलं. देव दुःखाच्या पलीकडे बसून बघत नाही, तो त्यात आहे, हा त्यांचा गाभा. मला तो पटतो. पण गावाकडचा माणूस लगेच विचारेल, की बुडणाऱ्याबरोबर बुडणारा काय कामाचा? काठावरून दोर टाकणारा पाहिजे. आम्ही म्हणतो, ईस्टरला दोर टाकलाय. तो अजून काकूच्या पोरापर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही. पोचेल, असा माझा विश्वास आहे. विश्वास म्हणतो, कारण माहिती म्हणता येत नाही.

काकू त्या घटनेनंतर चौदा महिने चर्चला आली नाही. पाळक दोनदा गेले, चहा घेऊन परत आले. नंतर एका रविवारी ती आपणहून आली आणि शेवटच्या बाकावर बसली. गायली नाही.

दर पावसाळ्याच्या तोंडावर ती आता घरोघरी जाते. पोरांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी लावा, तिची कड गादीखाली नीट खोचा, पहाटे पोटात दुखलं आणि डोळे झाकायला लागले तर वाट बघू नका. लस ठेवा म्हणून ग्रामसभेत तिनं इतका आरडाओरडा केला, की सरपंचांनी तालुक्याला तीनदा पत्र दिलं. गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर चार घरं फिरलो. एका घरात मच्छरदाणी खोचताना माझ्या मनात आलं, यानं एखादं पोर वाचेल. आणि त्याच्या मागोमाग ते जुनं वाक्य घशापर्यंत आलं. काकूनं माझ्याकडे बघितलं. तिला कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, “याच्यासाठी त्याला नेलं, असं म्हणू नको हां.”

“नाही म्हणत.”

“कड ओढ तिकडची.”

बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली पुष्कळ तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली, त्यांनी ते गाळलं नाही. आमच्या चर्चमध्ये ते उपासनेत वाचलेलं मला आठवत नाही.

पण आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. कुणाला नोकरी लागली, कुणाचं ऑपरेशन नीट झालं, माणसं उठून सांगतात, देवाचे आभार मानतात. काकू वर्षातून एकदा उठते, जुलैच्या त्या रविवारी. हात जोडत नाही, बाकाची कड धरते.

“देवा, तू अजून सांगितलं न्हाईस,” असं म्हणते आणि खाली बसते.

पहिल्या वर्षी कुणालाच काय करावं ते कळलं नव्हतं. पेटी वाजवणाऱ्यानं सूर धरला होता, पाळकांनी हात वर करून त्याला थांबवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकांवरून माझी आई म्हणाली, आमेन. आता सगळी मंडळी म्हणते.